मोजणीचा आठवडा

मगदूमबाईंचा पीटीचा तास हा कुणीही उचलून न्यावा असा तास होता. गणिताचा भाग मागे पडला की चौगुले सर मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणत, "बाई, आज तुमचा तास मी घेतो हं." हे विचारणं नसे, कळवणं असे. परीक्षा जवळ आल्या की इंग्रजीवाले, विज्ञानवाले सगळेच त्या तासावर हात मारत. बाई बिचाऱ्या गळ्यात शिट्टी अडकवून स्टाफरूममध्ये बसत आणि स्नेहसंमेलनाच्या पताका कातरत. कुरणवाडी हे घाटमाथ्यावरचं गाव. अर्धं गाव काजूच्या कारखान्यात राबतं आणि पोरांनी शिकून बाहेर पडावं म्हणून सगळं गाव देव पाण्यात घालून बसतं. तिथे पळण्याला कोण विचारणार?

मग चकती आली, आणि बाईंचे दिवस फिरले.

चकती म्हणजे कोटाच्या बटणाएवढी, दंडावर चिकटवायची वस्तू. तिच्यामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. शरीर हलतं तेव्हा स्नायू नुसतं काम करत नाहीत, रक्तात काही द्रव्यंही सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींना एकमेकींशी नवे धागे जुळवायला मदत करतात. नवं काही शिकणं म्हणजे शेवटी हे धागे जुळणंच. पण कोणत्या मुलाला किती पळवलं म्हणजे त्याचा मेंदू किती वेळ असा तयार राहतो, हे कुणाला सांगता येत नव्हतं. चकतीला सांगता येऊ लागलं. कातडीखालच्या पाण्यातून ती साखर मोजायची, ही द्रव्यं मोजायची, आणि बाईंच्या हातातल्या टॅबवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक पट्टी उमटायची. पट्टी जितकी रुंद, तितका वेळ त्या मुलाच्या डोक्यात शिकवलेलं शिरणार. पुण्याच्या ज्या संस्थेनं चकती तयार केली तिनं या पट्टीला भलंमोठं नाव ठेवलं होतं. शाळेत सगळे तिला खिडकी म्हणायचे.

आता शाळा सकाळी साडेसातला भरू लागली. आधी मैदान, मग लगेच गणित. चौगुले सर तोवर मुख्याध्यापक झाले होते, आणि तेच आता रोज मैदानावर येऊन अदबीनं विचारत, की बाई, आज खिडक्या कधीपर्यंत उघडतील? बाईंना मनातून गुदगुल्या होत. इतकी वर्षं ज्यांच्या तासाला कुणी भीक घातली नाही, त्यांच्या शिट्टीवर आता गणिताचा तास ठरत होता.

चकतीच्या प्रशिक्षणाला पुण्याच्या डॉक्टर नंदिनी प्रभुदेसाई आल्या होत्या. त्यांनी दोनच गोष्टी घोकून घेतल्या. शाळा उघडल्यावरचा, जूनमधला पहिला आठवडा मोजणीचा. त्या आठवड्यात मुलं घरून जशी येतात तशीच येऊ द्यायची, काही बदलायचं नाही. ज्याची खिडकी तेव्हाच अरुंद दिसेल, ते मूल सकाळी उपाशी येतं असं समजायचं. अशा मुलाला आधी खायला घालायचं, मग पळवायचं, आणि अशी मुलं ज्या शाळेत जास्त निघतील तिथे संस्था रोजचा नाश्ता सुरू करणार होती. दुसरी गोष्ट पुढच्या महिन्यांची. एकदा मोजणी झाली की चकती प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्याच पहिल्या आठवड्याशी ताडून बघणार. नंतर खिडकी अरुंद झाली तर मूल अंग चोरतंय, त्याच्या फेऱ्या वाढवायच्या.

सरळ होतं सगळं. पण मोजणी म्हटल्यावर कुरणवाडीच्या शाळेला तपासणीच आठवली. साहेब तपासायला येणार म्हटलं की काय होतं ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही. भिंतींना चुना लागतो, हुशार पोरं पुढच्या बाकावर सरकतात, कच्ची पोरं नेमकी त्या दिवशी तापानं फणफणतात. चौगुले सरांनी बैठकीत एवढंच म्हटलं, की आपली पोरं उपाशीपोटी शाळेत येतात असं पुण्याला कळवायचं का? कुणालाच ते बरं वाटेना. शेंगदाणे आले, गूळ आला. बाईंनी स्वतः दोन शेजारणींना हाताशी धरून लाडू वळले. आठवडाभर रोज प्रार्थनेआधी प्रत्येक मुलाच्या हातावर लाडू आणि पेलाभर दूध. पोरांना खायला घालण्यात कसलं आलंय पाप, असंच बाईंना वाटलं, आणि टॅबवर एकजात रुंद पट्ट्या बघून त्यांचा ऊर भरून आला. नाश्त्याच्या शाळांत कुरणवाडीचं नाव आलं नाही. आठवडा संपला तसे लाडूही संपले.

त्या आठवड्यातली सगळ्यात रुंद पट्टी संयोगिता गुरवची होती. आठवीतली पोर, अंगानं किरकोळ, पण गणितात अशी की चौगुले सर फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. वडील गोव्याला हॉटेलात कामाला, महिना-दीड महिन्यातून एकदा फिरकायचे. आई राजश्री काजूच्या कारखान्यात. ही मुलगी यंदा स्कॉलरशिपमध्ये झळकणार हे सरांनी गृहीतच धरलं होतं. मैदानानंतर ज्यांच्या खिडक्या रुंद उघडत त्या मुलांची त्यांनी वेगळी तुकडी केली होती आणि संयोगिता तिच्यात पहिल्या बाकावर बसत होती.

पावसाळाभर कणाकणानं आखडत आलेली तिची पट्टी गणपतीच्या सुमाराला नजरेत भरली. चकतीनं दोन फेऱ्या वाढवल्या. पट्टी आणखी आखडली, चकतीनं आणखी वाढवल्या. बाईंना वाटलं, हुशारीचा तोरा चढला पोरीला. एक दिवस सगळ्यांसमोर त्यांनी तिला उभं केलं आणि चांगलं फैलावर घेतलं. यंत्र खोटं बोलत नाही, पाय ओढत पळणारी आळशी पोरगी वर्गात काय दिवे लावणार, असलं बरंच काही बोलल्या. संयोगितानं मान खाली घातली.

"पळतो, बाई," एवढंच ती म्हणाली. तिकडच्या पोरी पळतो, जातो असंच बोलतात.

दिवाळीनंतर तिचं नाव स्कॉलरशिपच्या तुकडीतून निघालं. रुंद खिडकीवाली मुलं वर्गात गेली की उरलेल्यांनी मैदानावर आणखी पळायचं, असा नियम होता. नियम बाईंनीच सुचवला होता. एरवी हुशार असलेली मुलगी गणिताचा तास चालू असताना मैदानाला चकरा मारते आहे, याचं त्यांना तेव्हा काही वाटलं नाही, उलट आपण तिच्या भल्यासाठीच कडक होतोय अशी त्यांची समजूत होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी संयोगिता पळता पळता वाकली आणि गोलपोस्टजवळ ओकली. बाई धावत गेल्या. तिची पाठ धरली, तोंड धुतलं. जे बाहेर पडलं होतं त्यात नुसता चहा होता. अन्नाचा एक कण नव्हता.

"सकाळी खाल्लंस काय?" बाईंनी विचारलं.

"खाल्लंय की," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली.

बाईंनी तिला पायरीवर बसवलं. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, आज सकाळी कोण कोण खाऊन आलंय? झाडून सगळ्या पोरांनी हात वर केले. ज्यांच्या पट्ट्या काही महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या त्यांनीही केले. बाहेरच्यानं विचारलं की काय सांगायचं हे त्यांना शाळेनंच शिकवलं होतं, आणि बाईही आता त्यांना बाहेरच्याच वाटत होत्या.

त्या दुपारी बाईंनी पुण्याला फोन लावला. डॉक्टर नंदिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं. उपाशी मुलाच्या रक्तातली साखर लगेच कोसळत नाही, यकृत साठवणीतली काढून ती कशीबशी सांभाळतं. म्हणून चकतीला साखर ठीकच दिसते. पण जगायलाच जेमतेम पुरतंय म्हटल्यावर शरीर बाकीच्या खर्चाला कात्री लावतं. स्नायू ती द्रव्यं कमी सोडतात आणि खिडकी अरुंद होते. "आम्ही यंत्राला जी मुलं दाखवून शिकवलं ना, ती सगळी शहरातली, घरून खाऊन येणारी होती," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची खिडकी अरुंद झाली की कारण आळसच असायचं. म्हणून तर पहिला आठवडा इतका महत्त्वाचा. उपाशी मूल यंत्राला तेव्हाच काय ते ओळखता येतं. नंतर ते त्याला आळशीच म्हणणार, आणि पळवत राहणार." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत त्या आठवड्यात वेगळं काही खायला दिलं नव्हतं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडातून इतक्या सहज गेला की फोन ठेवल्यावर त्यांनाच स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर शाळेचं नाव जाणार, चौगुले सर अडकणार, आणि तालुक्याच्या कार्यक्रमात ज्यांचा परवाच सत्कार झाला त्या मगदूमबाईंनी उपाशी पोरांना पळवलं हे चारचौघांत येणार. बाईंनी मधला रस्ता काढला. दुसऱ्या दिवसापासून संयोगिताला त्यांनी पळायचंच नाही असं सांगितलं, झाडाखाली बसवलं, आणि गुपचूप एक केळं पुढे केलं. पोरीनं ते घेतलं नाही. भूक नाही म्हणाली. पुढे पोरगी सावरण्याची गोष्ट लांबच, ती आणखीच थकलेली दिसू लागली, आणि बाईंना कळेना की बसवूनही हे असं का.

ते लवकरच कळलं. एकदा सामानाच्या खोलीची किल्ली विसरली म्हणून बाई वेळेच्या बऱ्याच आधी शाळेत आल्या. मैदानावर धुकं होतं. त्या धुक्यात कुणीतरी एकटंच पळत होतं. जवळ गेल्यावर दिसलं, संयोगिता होती. ओठ पांढरे पडले होते आणि पाय नीट पडत नव्हते, पण थांबत नव्हती. बाईंनी तिला अक्षरशः हाताला धरून थांबवलं.

"खिडकी मोठी करायची हाय, बाई," धापा टाकत ती म्हणाली. "तुमी बसवून ठेवलासा तर कशी व्हईल? मला तुकडीत परत जायचं हाय. मी आळशी न्हाई."

आळशी हा शब्द तिला बाईंनीच दिला होता आणि पोरगी तो इतके दिवस अंगावर वागवत होती. ज्या पोरीला भाकरी द्यायची तिला आपण फेऱ्या दिल्या, आणि ती बिचारी त्या फेऱ्यांनाच औषध समजून लपूनछपून घेत राहिली. बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू आवरेना. संयोगिता गोंधळून शेजारी उभी राहिली आणि थोड्या वेळानं आपल्या पाण्याची बाटली तिनं बाईंपुढे धरली.

त्याच दिवशी बाईंनी पुण्याला पुन्हा फोन केला आणि लाडवांचं सगळं सांगितलं. मागच्या वेळी आपण खोटं बोललो हेही सांगितलं. मग डॉक्टर नंदिनी म्हणाल्या, की असं करणारी तुमची एकटीचीच शाळा असेल असं मला वाटत नाही, आणि तीच मला भीती आहे. सगळ्या मुलांच्या वाढीव फेऱ्या आजपासून बंद, आणि येत्या सोमवारपासून मोजणी नव्यानं. या वेळी घरोघरी जाऊन सांगा, की रोजच्यासारखंच राहू द्या. खरी मोजणी आली तर नाश्त्याचं मी बघते.

चौगुले सर भडकले. लाडू वळायला तुम्हीच पुढे होतात, म्हणाले. बाई म्हणाल्या, म्हणूनच सांगायलाही मीच पुढे झाले. शेवटी सर एवढंच म्हणाले, की त्या गुरवाच्या पोरीला उद्यापासून माझ्या वर्गात बसू द्या, खिडकी गेली खड्ड्यात. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त शाळेची अब्रू पोरांच्या पोटाआधी दिसायची, आणि तशी ती बाईंनाही दिसली होती.

शनिवार-रविवार बाई घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात तेच सांगायचं होतं, मोजणी आहे म्हणून मुद्दाम काही करू नका, रोज सकाळी जे देता तेच द्या. सांगताना जीभ अडखळायची, कारण याचा अर्थ काही घरांत पोराला उपाशीच पाठवा असा होत होता आणि तो अर्थ आईबापांना बरोबर कळत होता. गुरवांचं घर त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवलं. तिथे जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

रविवारी संध्याकाळी त्या पोचल्या तेव्हा राजश्री कपडे धूत होती. सुटीच्या दिवशीही बोटं काळीच होती; काजूच्या टरफलाचं तेल महिनोन्‌महिने निघत नाही. तिनं लगबगीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. संयोगिता कोपऱ्यात गणितं सोडवत बसली होती. बाईंनी घोटून ठेवलेलं सगळं म्हणून टाकलं, रोजच्यासारखंच करा, सकाळी रोज देता तेच द्या.

राजश्रीला काही उमगेना. "सकाळी मी काय देतच न्हाई की, बाई," ती म्हणाली. "सकाळचं तर शाळाच देतीया न्हवं?"

संयोगिताची पेन्सिल थांबली.

"लाडू आन दूध," राजश्री कौतुकानं सांगू लागली. "हिनं पयल्याच दिवशी येऊन सांगितलं. तवापासनं माझं लई बरं झालं बगा. आदी मला तीनला उठाय लागायचं. भाकरी थापायची, हिला उठवून खाया घालायची, आन मग कारखान्याच्या गाडीला पळायचं. दिवसभर उभ्या उभ्या डोळं मिटायचं माझं. एकदा त्या नादात बोटबी सापडलं यंत्रात. आता शाळा घालतीया म्हणल्यावर मी भाकरी सोडली. थोडी झोप मिळती. तुमचं लई उपकार हाईत."

बाई ऐकत होत्या आणि त्यांना आपल्याच कानांवर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता. त्यांची समजूत अशी होती, की पोरीच्या घरी उपास पडत होता आणि आपण लाडू देऊन तो झाकला. एवढ्याच अपराधाचं ओझं घेऊन त्या दारोदार फिरत होत्या. पण या घरात उपास नव्हताच. रोज भाकरी थापली जात होती, वेळच्या वेळी, झोपमोड करून. ती बाईंच्या लाडवांनी बंद पाडली होती. आठवड्यानं लाडू बंद झाले तेव्हा एका मुलीनं आईची झोप बघितली आणि ही गोष्ट घरी सांगितलीच नाही. नुसत्या चहावर ती शाळेत येत राहिली, आणि शाळेनं तिला पळवलं.

आता हे सांगायला हवं होतं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. लाडू फक्त त्या एका आठवड्यापुरते होते. जूनमध्येच संपले.

राजश्रीनं वळून मुलीकडे पाहिलं. "मग इतकं दिस तू काय खाऊन जात हुतीस?"

संयोगितानं पेन्सिल वहीत घालून वही मिटली. राजश्रीनं पदरानं तोंड पुसलं आणि बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मग आता उद्या काय करू?" तिनं विचारलं. "रोजच्यासारखं म्हंजे कसं, त्येवढं तुमीच सांगा. भाकरी करू का नको?"

भाकरी झाली तर संयोगिताची खिडकी रुंद उघडणार, पोरगी सुखवस्तू घरातली ठरणार, आणि नाश्त्याच्या यादीत तिच्या नावानं काही भर पडणार नाही. राजश्री परत तीनला उठणार. भाकरी नाही झाली तर ही पोर आठवडाभर चहावर, तेही आता सगळ्यांच्या देखत, आईच्या माहितीनं. वीस वर्षं शिट्टी वाजवून पोरांना इकडे पळा, तिकडे थांबा सांगणाऱ्या बाईंना या प्रश्नाचं उत्तर देण्याचा आपल्याला काही अधिकार आहे असं वाटेना. पण राजश्री वाट बघत होती.

"करा," बाई म्हणाल्या. त्यांना वर बघवलं नाही.

राजश्री उठली. फळीवरचा पिठाचा डबा तिनं खाली घेतला, उघडून बघितला आणि चुलीजवळ ठेवला. मग फोनवर गजर लावला आणि तो फोन नीट उशाशी ठेवून दिला. बाई निघाल्या तशी ती मुलीला म्हणाली, बाईंना रस्त्यापर्यंत पोचवून ये.

दोघी अंगणातून बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत संयोगिता दोन पावलं पुढेच चालत होती. बाईंना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, माफी मागायला हवी, आणि त्या शब्द जुळवत होत्या. तेवढ्यात ती थांबली. एवढ्या महिन्यांत, एवढी बोलणी खाऊनही जी पोर कधी वर बघून बोलली नव्हती तिनं आज सरळ बाईंच्या डोळ्यांत बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती संतापली होती.

"आईला कशाला सांगितलासा, बाई?" ती म्हणाली. "मी पळत हुतो की."